पश्चिमेची भिंत

सगुणाबाई घरत आमच्या शाळेत पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना वर्गात घेतलं नव्हतं. पडवीत बसवलं होतं.

स्वातंत्र्याच्या थोडं आधीची गोष्ट. त्यांचे वडील कान्हू धरमतरच्या खाडीकडे मिठागरावर राबायचे. मुलीला पेणला आत्याकडे ठेवून शाळेत घालायचं त्यांनी ठरवलं तेव्हा गाव हसलं. मिठागरातली पोर शिकून काय मीठ गोड करणार? कान्हूंचं उत्तर ठरलेलं असायचं. "त्या शालंचं लाकूड माज्या आज्यानं उतरवलंय. माजी पोर तितंच बसंल."

लाकूड उतरवलं होतं हे खरं. मीठ आणि तांदळाच्या व्यापारात पैसा केलेल्या एका गुणाजीशेठने अठराशे ऐंशीच्या मागेपुढे ही शाळा बांधली. सागवान मलबारातून गलबतांनी धरमतरला आलं आणि तिथून बैलगाड्यांनी पेणला. जोतं काळ्या दगडाचं, कमरेएवढं उंच, कारण पावसाळ्यात बाजारातलं पाणी रस्त्यावर चढायचं. भिंती चुन्यात बांधलेल्या आणि इतक्या जाड की खिडकीत मूल मांडी घालून बसायचं. मधे लांब दालन, त्यात सागवानी खांबांच्या दोन ओळी, दोन्ही अंगांना वर्ग आणि चारी बाजूंनी पडवी. खिडक्यांना आडव्या पट्ट्यांच्या झडपा होत्या. एप्रिलच्या उन्हात त्या अर्ध्या पाडल्या की आत माठाशेजारी बसल्यासारखं गार वाटायचं. मुख्य दारावर दगडात अक्षरं कोरली होती, 'सर्व जातींच्या मुलांकरितां'.

त्या अक्षरांखालून आत जायला सगुणाबाईंना दीड वर्ष लागलं. तेव्हाच्या हेडमास्तरांचा नियम होता की खाडीकाठच्या खाजणातून आणि वाड्यांवरून येणाऱ्या मुलांच्या पायाला चिखल असतो, तेव्हा त्यांनी पडवीत बसावं आणि झडपांतून ऐकावं. माघ-फाल्गुनातही चिखल असतोच, असं ते धरून चालत. सगुणाबाईंच्या शेजारी भोगावतीच्या काठच्या कातकरी वाडीतली पारी बसायची. दोघींत मिळून एक पाटी होती. पुढे नवे हेडमास्तर आले आणि त्यांनी सगळ्या पोरांना आत घेतलं. तोवर पारी शाळा सोडून आईबरोबर भातलावणीला जायला लागली होती.

मी एक्याण्णव साली या शाळेत लागले. माझी पहिली नोकरी, दुसरीचा वर्ग. सगुणाबाई तेव्हा मुख्याध्यापिका होत्या. मधल्या काळात त्या सातवीची फायनल परीक्षा पास झाल्या होत्या, ट्रेनिंग करून इथेच मास्तरीण म्हणून लागल्या होत्या. एसटीतल्या कंडक्टरशी लग्न झालं, धनेश आणि अनिता ही दोन मुलं लहान असतानाच तो गेला. मुख्याध्यापिका झाल्यावर त्यांनी वाडीवर जाऊन पारीला बोलावून आणलं आणि पाणी भरायला, झाडलोट करायला शाळेत ठेवलं. पारीची नात करिश्माही पुढे आमच्याच शाळेत आली. चारचौघांत पारी त्यांना बाई म्हणायची.

बाई मायाळू वगैरे नव्हत्या. उशीर झाला तर पोरांबरोबर आम्हा शिक्षिकांनाही दारात उभं करायच्या. मात्र पहिलीत नवं मूल आलं की त्याचा हात धरून स्वतः दालनात न्यायच्या आणि तो हात खांबावर टेकवायच्या. "हा तुझ्या पणज्यापेक्षा म्हातारा आहे. याला लाथ मारायची नाही." मला कधीकधी वाटायचं, बाईंचा आमच्यापेक्षा त्या खांबांवर जास्त जीव आहे.

शाळा चालवायची ती मीठबंदर शिक्षण सभा. सभेचे अध्यक्ष हैबतराव, भाताच्या गिरणीचे मालक, स्वतः याच शाळेत शिकलेले. बोलायला अतिशय गोड माणूस. त्र्याण्णवला लातूरकडे भूकंप झाला आणि नंतर सगळीकडे जुन्या इमारतींची पाहणी सुरू झाली. सभेनेही एक इंजिनिअर आणला. त्याने पडवीतून एक फेरी मारली, चहा घेतला आणि गेला. महिन्याभराने अहवाल आला, इमारत धोकादायक.

हैबतरावांनी बाईंना बोलावलं तेव्हा मी बरोबर होते.

"बाई, लातूरला काय झालं ते तुम्ही वाचलंत," ते म्हणाले. "उद्या इथं काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"मग दुरुस्ती करू या."

"दुरुस्ती किती वर्षं पुरणार? त्यापेक्षा नवी बांधू. खाली दुकानं, वर शाळा. भाड्यावर तुमची शाळा कायमची चालेल."

"वर म्हणजे कुठे?"

"दुसऱ्या मजल्यावर. नकाशात आहे."

"आणि मुलं खेळणार कुठे?"

हैबतराव हसले. "हल्लीची मुलं खेळतात कुठे, बाई?"

बाईंनी पालकांची सभा बोलावली. दालनभर सतरंज्या घातल्या, आली जेमतेम मूठभर माणसं. बाई इमारतीबद्दल बोलल्या, गलबतांबद्दल, चुन्याबद्दल. मूर्तींचा कारखाना असलेला एक पालक मधेच म्हणाला, "ते सगळं ठीक आहे, बाई. पण तुम्ही इंग्रजी कधी सुरू करणार ते सांगा. माझा मोठा इंग्रजी शाळेत जातो, धाकट्यालाही पुढच्या वर्षी तिकडेच घालतोय." बाकीच्यांनी माना हलवल्या. इमारत पाडा म्हणून कुणी म्हणालं नाही, राखा म्हणूनही नाही. चहा पिऊन मंडळी गेली.

सतरंज्या गोळा करताना पारी म्हणाली, "बाई, तुमचा या घरावर येवढा जीव कशाला, ते मला नाय कलत. आपल्याला त भाएर बसवलेलं."

"म्हणून तर," बाई म्हणाल्या. "आत शिरायला आपल्याला किती सोसावं लागलं."

"तुमी शिरल्या," पारी म्हणाली आणि सतरंजी झटकायला पडवीत गेली.

पाडायचं लांबलं, कारण नकाशा मंजूर होत नव्हता. पण हैबतरावांनी एक गोष्ट बंद केली. दरवर्षी पावसाळ्याआधी कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा बसवत. ही शाकारणी त्यांनी थांबवली. पाडायच्या घराची शाकारणी कोण करतं, असं त्यांचं म्हणणं. चौऱ्याण्णवचा पावसाळा तसाच गेला. पश्चिमेच्या वर्गात, भिंतीच्या वरच्या अंगाला ओलीचा डाग उमटला. तो चौथीचा वर्ग होता आणि बाई स्वतः घ्यायच्या. दिवाळीनंतर डाग वाळला, रंग मात्र चहा सांडल्यासारखा राहिला.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात बाईंनी धनेशला बोलावलं. तो बांधकामाची लहानसहान कंत्राटं घ्यायचा. शिडी लावून तो पोटमाळ्यावर चढला, बराच वेळ खाली आला नाही. आला तेव्हा केसांत जळमटं आणि डोळ्यांत काहीतरी बघून आल्याचं तेज.

"आई, अशा तुळया मी उभ्या जन्मात बघितल्या नाहीत. एकेक अखंड. कीड नाही, काही नाही."

"बघ. आणि हे म्हणतात धोकादायक."

"लाकूड चांगलं आहे. भिंत नाही चांगली," तो म्हणाला. "पश्चिमेला वर पाणी मुरलंय, चुना भुसभुशीत झालाय. पावसात तिथं पोरं बसवू नको."

"तू कौलं नीट करून दे."

"माणसं नाहीत आता माझ्याकडे. सगळी पनवेलच्या साइटवर आहेत. पावसाळा गेल्यावर बघू. तोवर वर्ग हलव, एवढं ऐक."

तो गेल्यावर मी म्हटलं, "बाई, चौथी आणि दुसरी एकत्र बसवू. माझ्या वर्गात जागा आहे."

बाई डागाकडे बघत होत्या. "आज हा वर्ग रिकामा केला, की उद्या हैबतराव कुलूप घेऊन येतील," त्या म्हणाल्या. "मुख्याध्यापिकेनेच मान्य केलं म्हणतील. एवढा पावसाळा काढू, दिपिका."

जुलैत चार दिवस धार लागली होती. पाचव्या दिवशी दुपारी मी पाढे म्हणून घेत होते. शेजारून मोठा आवाज झाला. गाडीतून खडी ओततात तसा. मी धावले तर चौथीच्या वर्गात पांढरी धूळ, काही दिसेना. पश्चिमेच्या भिंतीचा वरचा थर, दोन दगड आणि ढीगभर चुना, मागच्या ओळीवर आला होता. बाई हातांनी चुना उपसत होत्या आणि एकेका पोराचं नाव घेत होत्या. बहुतेक पोरं खरचटण्यावर सुटली. करिश्माचा उजवा हात दगडाखाली होता.

पारी पाण्याची घागर घेऊन येत होती. ती घागर तिने नीट खाली ठेवली आणि मग आत आली.

सरकारी दवाखान्याच्या ओट्यावर आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. बाईंच्या पातळावर, भुवयांवर चुना तसाच. पारी भिंतीला टेकून बसली होती, रडत नव्हती. तिने विचारलं, "धनेश सांगून गेल्ता ना, की तितं बसवू नको? मी झाडत होते, मी आयकलं."

"हो," बाई म्हणाल्या.

"सगुणे, तू भिंत बगितलीस," पारी म्हणाली. "पोर नाय बगितलीस."

बाईंनी पदराने भुवयांवरचा चुना पुसला.

दुसऱ्या दिवशी हैबतराव एका वार्ताहराला घेऊन शाळेत आले. पडलेल्या भिंतीपुढे उभं राहून त्यांनी सांगितलं, आम्ही दोन वर्षं कळकळीने सांगत होतो, पण हट्टापुढे इलाज नाही. नाव त्यांनी घेतलं नाही. सगळ्यांना कळलं.

मग सभेने चौकशी लावली. टेबलामागे तिघे बसले, समोर बाई उभ्या. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. आदल्या दिवशी मी त्यांना म्हटलं होतं, ओल दिसली होती हे कबूल करू नका, धनेशचं तर बोलूच नका. शाकारणी कुणी थांबवली ते आधी विचारा. बाईंनी ऐकून घेतलं होतं.

"भिंतीला ओल आहे हे तुमच्या लक्षात आलं होतं का?"

"आलं होतं."

"तरी वर्ग तिथेच भरवलात?"

"हो. माझी चूक आहे. आणि शाकारणी सभेने थांबवली होती, तेही लिहा."

पहिलं लिहिलं, दुसरं लिहिलं नाही. बाईंना मुख्याध्यापिकेच्या जागेवरून काढलं आणि निवृत्तीपर्यंत सभेच्या कार्यालयात बसायला सांगितलं. पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या तेव्हा आम्ही दोघी-तिघींनी निरोप समारंभाचं विचारलं. परवानगी मिळाली नाही. त्या दिवशी पाच वाजता त्यांनी पिशवी उचलली, मला म्हणाल्या, "खिडक्या लावून घे, पाऊस येईल," आणि गेल्या.

भिंत पडली तेव्हापासूनच शाळेला कुलूप होतं. मुलं बाजारामागच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये बसायची. उन्हाळ्यात पत्रा तापला की मुलांना घेरी यायची, पावसात माझा आवाज पहिल्या ओळीलाही ऐकू जायचा नाही. त्या शेडला कुणी धोकादायक म्हटलं नाही.

निवृत्तीनंतर बाई रोज सकाळी वाडीवर जायच्या. करिश्माचं कोपर पुरतं सरळ झालं नव्हतं, लेखणी धरली की हात थरथरायचा. ती शाळेत पुन्हा आलीच नाही. बाई पाटी आणि पुस्तक घेऊन पारीच्या झोपडीपुढे बसायच्या. डाव्या हाताने लिहायला शिकवते म्हणायच्या. पोर आत जाऊन कुडाआड बसायची. बाई मोठ्याने धडा वाचायच्या, तिला ऐकू जावा म्हणून. पारी रागावली नाही, हाकलूनही दिलं नाही. पाणी प्यायला द्यायची. एक दिवस मात्र म्हणाली, "आता येऊ नका, बाई. तुमी आल्या का पोर जेवत नाय."

बाईंनी जाणं थांबवलं.

शहाण्णवच्या गणपतीआधी मी आणि बाई बाजारातून येत होतो. शाळेची दारं सताड उघडी. आत हमरापूरच्या एका कारखानदाराच्या मूर्ती ओळीने मांडल्या होत्या, दालन भरून पडवीपर्यंत. सभेने इमारत हंगामापुरती भाड्याने दिली होती. चौथीच्या वर्गात, पडलेल्या भिंतीला ताडपत्री लावून, दहा-बारा बायका खाली बसून सोंडा रंगवत होत्या. बाई पायरीवर थांबल्या.

"इमारत धोकादायक आहे ना?" त्यांनी रखवालदाराला विचारलं.

"मुलांना, बाई," तो म्हणाला. त्यात त्याचा काही टोमणा नव्हता, त्याला तसंच सांगितलं होतं.

सत्त्याण्णवच्या थंडीत शाळा पाडली. मी शेडमध्ये शिकवत होते आणि दिवसभर घणाचे आवाज येत होते. कौलं आधी उतरली, मग रिपा, मग वासे. तुळया उतरवायला क्रेन आणावी लागली. संध्याकाळी मी तिकडून गेले तर मातीत उभा राहून मजुरांना सूचना देणारा माणूस धनेश होता. पाडकामाचं आणि लाकडाचं कंत्राट त्याने घेतलं होतं.

बाईंना मी सांगितलं नाही. बाजाराने सांगितलं.

घरात काय झालं ते मला नंतर अनिताकडून कळलं. धनेशने लपवाछपवी केली नाही. "आई, दुसरा कोणी आला असता आणि सगळं अलिबागच्या बंगल्यांना गेलं असतं," तो म्हणाला. "तुझा एवढा जीव होता म्हणून मी घेतलं. चांगलं चांगलं आपल्या घराला ठेवलंय."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं गेलं अलिबागला. धंदा आहे तो."

"वर चढलास तेव्हाच ठरवलं होतंस?"

"तेव्हा तुला भिंतीचंसुद्धा सांगितलं होतं," धनेश म्हणाला. "तू ऐकलंस?"

आठवड्याभरात बाईंनी कपड्यांची पेटी भरली आणि रोह्याच्या गाडीत बसल्या. अनिता रोह्याला दिलेली, जावई धाटावच्या कंपनीत शिफ्टला जायचा. दोन खोल्यांचं घर, त्यातली एक त्यांनी सासूला दिली.

पुढच्या वर्षी धनेशच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. बाई येणार नाहीत असं आम्हाला वाटलं होतं. आल्या. मुलाच्या घरी पहिल्या पंगतीला आई नाही, हे त्यांना लोकांत बरं दिसलं नसतं. घर मोठं होतं, दिवाणखान्यात दोन खांब, वर तुळया उघड्या ठेवून पॉलिश केलेल्या. खांबांचे खालचे भाग रंधून गुळगुळीत केले होते. पाहुणे मान वर करकरून बघत होते. हैबतरावही आले होते, अहेर घेऊन. जेवताना ते बाईंच्या समोरच्याच पाटावर होते.

"नशीबवान आहात, बाई," ते म्हणाले. "असं सागवान आता मिळतं कुठे?"

"शाळेत," बाई म्हणाल्या.

वाढणारी बाई श्रीखंडाचं भांडं घेऊन थबकली. हैबतरावांनी हसून पुरी मोडली. बाईंनी पानातलं सगळं संपवलं, सुनेच्या हातावर अहेराचं पाकीट ठेवलं, आणि दुपारच्याच गाडीने परत गेल्या. धनेश स्टेशनवर सोडायला गेला होता. दोघं फलाटावर बाकाच्या दोन टोकांना बसली होती, असं तिथल्या चहावाल्याने सांगितलं.

शाळेच्या जागी दुकानं झाली. दुसरा मजलाही झाला, पण तिथे लग्नाचा हॉल निघाला. शेडमधली मुलं एकेक करत कमी झाली आणि नव्याण्णवला सभेने शाळा बंद केली. मी दुसऱ्या शाळेत गेले.

जायच्या आधी मी रोह्याला बाईंना भेटायला गेले. अनिता सांगत होती, शेजारचे लोक मुलांना शिकवता का म्हणून विचारतात, आई नको म्हणते. बाई खिडकीशी तांदूळ निवडत होत्या. मी इकडचं तिकडचं बोलले, त्या हं हं करत होत्या. मग त्यांनी वर न बघता विचारलं, "करिश्मा?"

"हमरापूरला कारखान्यात जाते, बाई. रंगकामाला. डाव्या हाताने करते, हात चांगला बसलाय म्हणतात."

"वाचता येतं का तिला?"

मी खोटं बोलणार होते. पण त्यांच्यापुढे जमलं नाही. "नाव लिहिते," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली आणि सूप पुढे ओढलं.